बांगडी चढताना घ्यायचं नाव

बसा गं बसा, कासार अजून ओढ्यापलीकडंसुद्धा दिसत नाही. खरं म्हणजे मलाच बसवत नाही. सकाळपासून चारदा उठून वाटेकडं बघून आले. आज श्रावणातला पहिला बाजार. या दिवशी आपल्या सातबाभळीत कासार आल्याशिवाय एकाही दुकानाची फळी निघत नाही. तेवढ्यात गोष्ट सांगते. मधे कुणी बोलायचं नाही. आणि ए बाळ्या, ती कच्ची चिंच खाली टाक, दात आंबतील.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी माझ्या आजेसासूकडून ऐकली आणि तिनं तिच्या आजेसासूकडून, यावरून काय ते समजा. तेव्हा या पंचक्रोशीतल्या सात गावांना मिळून एकच कासार होता, हैबती. उंच, काटकुळा, आणि दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा. माणूस कसला, पायाला भिंगरीच. कुणाच्या ओसरीवर दोन घटका सुखानं टेकला असेल तर शपथ. त्याची सावली त्याच्यामागून धापा टाकत यायची, असं म्हणतात. तो गावाच्या शिवेवर पोचला की आतल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या आपसूक किणकिणायच्या, असंही म्हणतात. मी बघायला नव्हते. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल उठावं.

आता एक गोष्ट तुम्हा पोरींना आधी सांगायला हवी. तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, भटजी सांगेल तशा रेघा नवरा अंगठीनं त्यात ओढायचा, की झालं. काल संध्याकाळपर्यंत ठमी असलेली पोर आज सकाळी लक्ष्मी! जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहायचं. सासरी ते कुणी घ्यायचं नाही, तिनंही सांगत सुटायचं नाही. माहेरी गेलं की आई त्या नावानं हाक मारायची. आई गेली की मग भाऊ मारायचा, आणि भावानंतर कोण मारणार? नाव असं हळूहळू विझून जायचं.

पण हैबती माहेरच्या गावांतही फिरायचा आणि सासरच्या गावांतही. पोर पाळण्यातून उतरली की तिच्या मनगटात पहिल्या काळ्या बांगड्या त्यानंच भरलेल्या असायच्या. म्हणून त्याला सात गावांतल्या झाडून सगळ्या बायकांची माहेरची नावं पाठ. आणि त्याची बांगड्या भरायची एक रीत होती.

बांगडी कुठं अडते माहीत आहे ना? अंगठ्याच्या मुळाशी, त्या हाडावर. तिथं दुखतं, बाई हात आवळते, आणि हात आवळला की काच गेली. "फुटली" म्हणू नये, "वाढली" म्हणावं. तर हैबती बाईचा हात हातात घ्यायचा, बोटं एकत्र करून दाबायचा, आणि बांगडी हाडावर आली की खाली वाकून तिच्या कानाशी तिचं माहेरचं नाव घ्यायचा. एकदाच, शेजारचीलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू. हात तिथल्या तिथं लोण्यासारखा सैल पडायचा आणि बांगडी आत. हैबतीच्या हातून जन्मात एक बांगडी वाढली नाही, असं म्हणतात. बायका इथंच, या चिंचेखाली, ही रांग लावून बसायच्या. घरात बांगड्या असल्या तरी यायच्या. वर्षातून दोनदा का होईना, कुणीतरी आपल्याला आपण म्हणून ओळखतंय, यासाठी यायच्या. मला कळतं ते. तुम्हाला एवढ्यात नाही कळायचं.

मग सातबाभळीत त्रिंबकशेट आला. त्यानं पेठेत बांगड्यांचं दुकान टाकलं. काचेची कपाटं, लखलखीत आरसा, बसायला गादी, आणि माल हैबतीपेक्षा सरस. खोटं कशाला बोला? पण बायका त्याच्या दुकानावरून सरळ पुढं जायच्या आणि चिंचेखाली धुळीत बसायच्या. त्रिंबकशेटला झोप येईना. हा फाटक्या मुंडाशाचा माणूस असं काय करतो? एक दिवस तो चिंचेच्या खोडाआड उभा राहिला आणि त्यानं पाहिलं. शब्द ऐकू आला नाही, पण हैबती कानात नाव घेतो एवढं त्याला कळलं. "हात्तिच्या! एवढंच होय?" म्हणाला.

माणूस हुशार होता, वाईट नव्हता. बाजाराला आसपासच्या गावांतले बाप आणि भाऊ यायचे. त्यांना तो गादीवर बसवायचा, पान द्यायचा आणि गोड बोलून विचारायचा, "पाव्हणं, लेक कुठं दिली? लहानपणी काय म्हणायचा तिला?" बाप बिचारे भोळे. लेकीचं नाव कुणी विचारलं की त्यांचा ऊर भरून यायचा, सांगून टाकायचे. दोन महिन्यांत शेटजींनी शंभरभर नावं गोळा केली.

आणि जेठातल्या वटपौर्णिमेच्या बाजारी, पेठ माणसांनी फुललेली असताना, तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि लागला हाका मारायला. "ये गं ठमे! ये गं चिंगे! अगं भागू, आपल्याच माणसाचं दुकान आहे, ये!"

काय सांगू तुम्हाला. बायकांनी पदर ओढले आणि भिंतीकडं तोंडं केली. सासवा चिडल्या. आमच्या सुनेचं माहेरचं नाव परक्या बाप्याच्या तोंडी, तेही भर बाजारात? त्या संध्याकाळी कितीतरी घरांत चुली पेटल्या नाहीत, आणि दोघी-तिघींच्या पाठीवर वळ उठले. त्रिंबकशेट पायरीवर उभाच राहिला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. नाव तेच तर घेतलं होतं!

पण खरं आभाळ कोसळलं ते हैबतीवर. बायकांनी विचार केला, आपली नावं ठाऊक कुणाला? एकट्या हैबतीला. मग शेटला सांगितली कुणी?

दुसऱ्या दिवशी हैबती गावात आला तर दारं बंद. "बांगड्या घ्याऽ" म्हणून आळीभर फिरला, एक फळी उघडली नाही. कुणा एकीनं दया येऊन हात पुढं केला, तर त्यानं नाव घेताच हात सैल पडायच्या ऐवजी लाकडासारखा ताठला आणि बांगडी वाढली. त्याच्या हातून वाढलेली ती पहिली. हैबती त्या काचेकडं नुसता बघत राहिला, असं म्हणतात.

शेवटी तो भिवराबाईच्या दारी गेला. भिवराबाई म्हणजे गावातली करारी बाई. तरुणपणी नवरा गेला, तरी घर आणि शेत एकटीनं ओढलेलं. शब्दाला धार अशी की पाटीलसुद्धा वाट वाकडी करायचा. तिच्या सुनेचं सासरचं नाव सरस्वती. सरस्वती डोंगरापलीकडच्या उंबरघळीची. लग्न करून इकडं आली आणि त्याच हिवाळ्यात उंबरघळीत गाठीचा ताप शिरला. आई, बाप, भाऊ, शेजारी, सगळी वस्ती गेली. घरांवर निवडुंग वाढला. आता तिचं माहेरचं नाव तिच्याखेरीज या पृथ्वीवर एकट्या हैबतीला ठाऊक होतं. शेटला सांगायला तिचा बाप उरला नव्हता, म्हणून त्या हाकांत तिचं नाव नव्हतं. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सरस्वतीला सातवा महिना लागलेला. हिरव्या चुड्याचे दिवस. हैबती दारात उभा राहिला तर भिवराबाई आडवी आली.

"हैबती, तुझ्या जिभेला हाड न्हाई. माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकू नगंस."

"बाई, म्या कुणाला काय सांगितलं न्हाई," हैबती म्हणाला.

"मग काय वाऱ्यानं सांगितलं?"

आतून सरस्वती आली, पोटावर पदर घेऊन. सासूपुढं ती आजवर कधी बोलली नव्हती. म्हणाली, "आत्याबाई, एवढ्या खेपेला राहू द्या. माहेरचं मला येवढं एकच माणूस हाय."

"गप ऱ्हा. आत जा," भिवराबाई म्हणाली. सरस्वती आत गेली. हैबतीनं माळा खांद्यावर सावरल्या आणि तो गावाबाहेर पडला. त्यानंतर तो सातबाभळीला आला नाही. बाकीच्या गावांतून नुसता फिरत राहायचा. कुणी बांगड्या घेवो न घेवो, सकाळी या गावात तर दुपारी त्या. वाटेनं चालता चालता ओठ हलायचे. नावं घोकायचा म्हणे, एकही विसरू नये म्हणून. पण घोकताना सारखं त्याला वाटायचं, एक कुठलं तरी निसटलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

दोन महिने गेले. श्रावणातला पहिला बाजार उजाडला आणि सरस्वतीला कळा लागून दुसरा दिवस झाला. केराबाई सुईण रात्रभर बसून होती. पोर येईना, आणि आईचे डोळे मिटत चाललेले. केराबाई तिच्या गालावर पाणी मारत म्हणाली, "हाका मारा हिला, जाऊ देऊ नका." भिवराबाईनं हाका मारल्या, "सरस्वती! अगं सरस्वती!" शेजारणींनी मारल्या. पापणी हलली नाही.

तेव्हा केराबाई उठली. म्हणाली, "भिवरे, ही लई मागं गेलीया, पार लहानपणात. तिथं सरस्वती कोण हे तिला ठाव न्हाई. तिच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मार."

बारा वर्षं जी पोर भिवराबाईच्या चुलीशी राबली, जिच्या हातचं ती जेवली, तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं. लेकाला, सरस्वतीच्या नवऱ्याला, विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं. त्रिंबकशेटकडं माणूस धाडला. शेटनं शंभर नावं आठवून पाहिली, त्यात उंबरघळीचं एकही नाही.

मग भिवराबाई निघाली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, पायात काही नाही, आणि ती करारी बाई चिखलातून पळत सुटली. मुरमाळला गेली. "हैबती कुठाय?" "आत्ताच गेला की पानशेंडीला!" पानशेंडीला गेली. "आत्ताच उठला, पाणीसुद्धा प्याला न्हाई." कौलारवाडीला गेली. "आत्ताच!" ज्याला दारातून हाकललं, तो आता कुठल्याच दारात सापडेना. दगडांनी पाय फुटले. बांधावर बसून एकदा ढसाढसा रडली, आणि पुन्हा उठून पळाली. शेवटी डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठी, तिला बांगड्यांची किणकिण ऐकू आली.

"हैबतीदादा!" ती ओरडली. "माझ्या सुनंचं नाव सांग. पोर चालली रे माझी. नाव सांग, मी पळत जाते."

हैबती वळला. तिचे पाय बघितले. सगळं समजला. आणि काय म्हणाला माहीत आहे?

"न्हाई सांगायचा."

"अरे मरतीया ती!"

"म्हणून तर मी येतो. तुझ्या पायानं दिस बुडंल, माझ्या पायानं ऊन कलायचं न्हाई. पर तिचं नाव तिच्याबिगर दुसऱ्या कुणाच्या कानात घालायचा न्हाई. तिच्या सासूच्याबी न्हाई."

असं म्हणून तो निघालासुद्धा. भिवराबाई ओढ्याकाठी उभी राहिली आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो माणूस मरणाच्या दारातही मला नाव सांगत नाही, तो शेटला सांगेल? "अगं बाई," ती म्हणाली, "मी काय करून बसले!" आणि त्याच्यामागं पळाली.

हैबती त्या दिवशी कसा पळाला ते कुणालाच धड सांगता येत नाही. ओढा दुथडी भरलेला होता, त्यात तो काचेच्या माळांसकट उतरला आणि पलीकडं निघाला तर एक बांगडी वाढलेली नव्हती. शिवारातल्या लोकांना फक्त आवाज ऐकू आला, माणूस दिसला नाही, असं म्हणतात. भिवराबाईचे पायही त्या दिवशी तिचे नव्हते, कारण ती त्याच्या पाठोपाठच अंगणात पोचली.

दारात चार बाप्ये उभे होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष? ते आडवे झाले. भिवराबाई मागून कडाडली, "सरका! तिच्या माहेरचं माणूस हाय."

हैबती आत जाऊन बाजेशी बसला. माळेतून एक हिरवी बांगडी काढली, सरस्वतीचा हात हातात घेतला. हात सुजून टम्म झालेला, आणि गार. बांगडी हाडावर आली आणि अडली. हैबती वाकला. केराबाई हातभर अंतरावर होती. ती पुढं जन्मभर सांगायची, "ओठ हलले बघा, पर शब्द काय मला ऐकू आला न्हाई." बांगडी सरकून मनगटावर गेली. आणि सरस्वती लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "ओऽ!"

त्याच क्षणाला, असं म्हणतात, सात गावांतल्या प्रत्येक बाईच्या कानात कुणीतरी तिचं माहेरचं नाव घेतलं. जात्यावरची उठून उभी राहिली. पाणवठ्यावरचीच्या हातून कळशी सुटली. म्हाताऱ्या, ज्यांना चाळीस वर्षांत त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं, त्या दारात येऊन "कोण? कोण आलंय?" विचारू लागल्या. बाहेर कुणी नव्हतं. पण कुणी काही सांगायच्या आधीच सगळ्याजणींना कळलं की हैबतीनं नावं दिली नव्हती.

दिवस कलायच्या आत सरस्वतीला मुलगी झाली. हैबती तेव्हा अंगणात उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर, नेहमीसारखा निघायच्या घाईत. भिवराबाई बाहेर आली आणि त्याच्यापुढं हात जोडायला लागली. त्यानं जोडू दिले नाहीत. म्हणाला, "हात असा नगं, असा दे," आणि तिचा हात मनगटाशी धरला.

भिवराबाई दचकली. "काय करतोस? मी बोडकी बाई. वीस वर्षं या हातात काच न्हाई."

"कपाळ पांढरं झालं तुजं. नाव कुठं झालंय?" हैबती म्हणाला.

आणि त्या राकट, रापलेल्या हातावर त्यानं एक हिरवी बांगडी चढवली. हाडावर आली तेव्हा वाकला आणि कानात बोलला. लग्नाआधी, परकराच्या वयात, याच माणसानं तिच्या हातात बांगड्या भरल्या होत्या, विसरली होती ती. सगळ्या सात गावांत जिच्या डोळ्यात कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ती भिवराबाई अंगणात मटकन खाली बसली आणि पोरीसारखी रडली.

त्रिंबकशेट नंतर चिंचेखाली आला. म्हणाला, "हैबती, मीही नावंच घेतली. मग माझ्याकडं का नाही आल्या?"

हैबतीनं माळा उचलल्या. "शेट, तुमी नाव घेतलं ते गिऱ्हाईक यावं म्हणून. मी घेतो ते बांगडी चढताना दुखू नये म्हणून," एवढं बोलून तो निघून गेला. दुकान पुढं बरं चाललं शेटचं. पण पायरीवर उभं राहून हाक त्यानं पुन्हा मारली नाही.

हैबतीचं मरण कुणी पाहिलं नाही. एके दिवशी डोंगरावर चढताना दिसला, उतरताना दिसला नाही. जायच्या आधी पुतण्याला शेजारी बसवून त्यानं सगळी नावं त्याच्या कानात घातली म्हणे. उभ्या जन्मात हैबती एका जागी इतका वेळ बसला तो तेवढाच.

तेव्हापासून सातबाभळीच्या बाजारात कुणी गिऱ्हाइकाला लांबून नावानं हाकारत नाही. जवळ यायचं, हळू बोलायचं. भाजीवाली तशीच करते, परवा आलेला मोबाइलवाला पोरगाही तसंच शिकला. नाहीतर माझ्या फोनवर ती कोण बया बोलते, गोड गोड, दर वाक्याला माझं नाव घेऊन! तिला नाव माहीत असतं, मी माहीत नसते. मी फोन ठेवून देते.

आणि तेव्हापासून श्रावणातल्या पहिल्या बाजाराला कासार आधी या चिंचेखाली बसतो. सवाष्ण, कुमारी, विधवा, सगळ्या एका रांगेत. प्रत्येकीला एक हिरवी बांगडी, आणि ती चढताना कानात तिचं आईनं ठेवलेलं नाव. लग्नात नावं बदलायची आपल्याकडं कधीच बंद झाली, तरी ही रीत आहे. पहिली बांगडी मात्र चिंचेच्या फांदीला अडकवतात, सरस्वतीची म्हणून. तिचं खरं नाव काय होतं ते आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही.

हा बघा माझा हात. ही गेल्या वर्षीची. आमचे हे जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझं लग्न झालं तेव्हा नावं बदलायचे, त्यामुळं तुम्ही सगळे मला ज्या नावानं ओळखता ते माझं नव्हे. माहेरचं आता कुणी नाही. धाकटा भाऊ होता, तो फाल्गुनात गेला. आणि आपला म्हातारा कासार, तोही चैत्रात गेला. आज पहिल्यांदा त्याची सून येणार आहे. म्हाताऱ्यानं तिला सगळी नावं सांगितली का, माझं सांगायच्या आधीच त्याचा श्वास संपला का, कोण जाणे. म्हणून सकाळपासून बसवत नाही मला, कळलं? उगाच नाही येरझाऱ्या घालत.

थांबा. गप्प बसा सगळे. माझी बांगडी किणकिणली का आत्ता? वारा तर नाही.

आली, आली गं, शिवेवर आली. मला हात द्या, उठवा. रांगेत मला पहिली बसू द्या, आणि तुम्ही सगळे जरा लांब उभे राहा. ती वाकून बोलेल तेव्हा जवळ कुणी यायचं नाही.